बारा मिनिटं: एका लॅपटॉपच्या संथ सुरुवातीचा तपास

माझी मोठी बहीण मुद्रितशोधन करते. काही कामांचा हिशेब तासांवर असतो, म्हणून टेबलावर एक वही ठेवून ती कामाच्या वेळा लिहिते. २०२४ च्या सुरुवातीला तिने त्या वहीचं एक पान माझ्यासमोर धरलं. पेन्सिलीने आखलेले तीन रकाने: बटण, पासवर्ड, फाइल. पहिल्या ओळीत ९.०२, ९.०५, ९.१४. खाली आठवडाभराच्या तशाच ओळी.

"रोज सकाळी माझी बारा मिनिटं अशीच जातात," ताई म्हणाली. "नको ते सगळं काढून टाक, पण याला ताळ्यावर आण."

लॅपटॉप २०१७ चा. विंडोज १०, चार जीबी रॅम, एक टीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, वेग मिनिटाला ५४०० फेरे. एवढं ऐकून कुणीही सांगेल की एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवा आणि मोकळे व्हा. शेवटी आम्हीही तीच बसवली. तरी हे प्रकरण लिहावंसं वाटलं, कारण लॅपटॉप संथ का होता याचं खरं उत्तर वेगळं निघालं, आणि ते सापडायच्या आधी मी त्यावर 'साफसफाई'ची नेहमीची साधनं चालवली असती तर तिच्या फाइलींवर बेतलं असतं.

वहीतल्या त्या तीन रकान्यांनी माझं अर्धं काम आधीच करून ठेवलं होतं. 'कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागतो' ही एक तक्रार वाटते, पण तीत निदान तीन टप्पे असतात. बटण दाबल्यावर आधी बायोस, म्हणजे यंत्रातच बसवलेला प्राथमिक प्रोग्राम, जागं होतं, जोडलेली उपकरणं तपासतं आणि विंडोज कुठून उचलायचं ते ठरवतं. मग विंडोजचा गाभा, ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे प्रोग्राम) आणि सेवा (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) चढतात आणि पासवर्डचा पडदा येतो. पासवर्ड दिला की डेस्कटॉप दिसतो, आणि तिथून पुढे आपोआप सुरू होणारे प्रोग्राम एकमेकांना ढकलत आत शिरतात. डेस्कटॉप दिसला म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला असं नसतं. ताईने शेवटचा रकाना 'फाइल' ठेवला होता, म्हणजे वर्डची फाइल उघडून कर्सर हलायला लागेपर्यंतचा वेळ. कामाचा आकडा तोच.

मोजायला बसण्याआधी एक गोष्ट सरळ करावी लागली. टास्क मॅनेजर, म्हणजे काय चाललंय आणि किती भार आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी. तिच्यात परफॉर्मन्स टॅबवर सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) खाली 'अप टाइम', म्हणजे शेवटच्या पूर्ण सुरुवातीपासूनचा वेळ दिसतो. तिथे तेवीस दिवस होते. ताई रोज रात्री लॅपटॉप बंद करत होती. हा फास्ट स्टार्टअपचा परिणाम. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवरच्या हायबरनेशन फाइलमध्ये जपून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच उचलली जाते. पूर्ण नव्याने सुरुवात होते ती 'रीस्टार्ट' केल्यावर. त्यामुळे एका दिवशी शट डाउन, दुसऱ्या दिवशी रीस्टार्ट असं करून घेतलेल्या वेळांची तुलना करता येत नाही. आम्ही प्रत्येक वेळी शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलं. तसं केलं की लॅपटॉप खरोखर पूर्ण बंद होतो. मग मोबाइलचं स्टॉपवॉच लावून तीन वेळा मोजलं.

सरासरी अशी आली. बटणापासून पासवर्डपर्यंत २ मिनिटं ५० सेकंद. पासवर्डपासून डेस्कटॉपपर्यंत १ मिनिट १० सेकंद. डेस्कटॉपपासून फाइलपर्यंत ८ मिनिटं. एकूण बरोबर बारा. वही आणि स्टॉपवॉच यांचं जमलं.

पहिली सोपी कमाई बायोसच्या टप्प्यात झाली. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबवर वर उजव्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' असा आकडा असतो. बहुतेकांची नजर तिथे जात नाही. इथे तो २१ सेकंद होता. लॅपटॉपला एक बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क कायम लावलेली असायची, आणि बूट करण्याच्या क्रमात यूएसबी आणि नेटवर्क हे आतल्या डिस्कच्या आधी होते. म्हणजे रोज सकाळी बायोस आधी ती बाहेरची डिस्क फिरायला लागेपर्यंत थांबत होतं, तिच्यावर विंडोज शोधत होतं, मग नेटवर्ककडे बघत होतं आणि शेवटी आत वळत होतं. डिस्क काढली, क्रम बदलला, आकडा ७ वर आला. चौदा सेकंद वाचले. बारा मिनिटांपुढे ही चिल्लरच, पण फुकटात मिळालेली.

मग स्टार्टअपची यादी. एकोणीस नोंदी, त्यातल्या चौदा चालू. प्रत्येकीपुढे 'हाय', 'मीडियम', 'लो' असा शेरा असतो. हा शेरा अंदाजपंचे नसतो. सुरू होताना जो प्रोग्राम प्रोसेसरचा एका सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतो किंवा डिस्कवर तीन एमबीपेक्षा जास्त वाचतो-लिहितो, तो 'हाय'. ही रेघ बरीच खाली आखलेली आहे. तीन एमबी कुणीही ओलांडतं. त्यामुळे 'हाय' दिसलं की बंद करा हा नियम मला पटत नाही. मी ताईला प्रत्येक नोंदीबद्दल एकच विचारलं: हा प्रोग्राम तू स्वतः उघडेपर्यंत थांबला तर तुझं काही अडेल का? व्हिडिओ बैठकीचा प्रोग्राम, गाण्यांचा प्रोग्राम, तीन वेगवेगळे अपडेटर, आणि चार वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या प्रिंटरचा मदतनीस. कशावाचूनच अडणार नव्हतं. दहा नोंदी बंद झाल्या. टचपॅड आणि ध्वनीच्या ड्रायव्हरांच्या नोंदी राहू दिल्या, कारण तिथे वाचणारा वेळ नगण्य आणि बिघडलं तर मनस्ताप मोठा. बंद करणं म्हणजे अनइन्स्टॉल करणं नव्हे, नोंद पुन्हा चालू करता येते, हे कळल्यावर ताईचा हातही मोकळा झाला.

पुन्हा मोजलं. आठ मिनिटांची सहा मिनिटं वीस सेकंद झाली.

इथे मी थांबले. दहा प्रोग्राम कमी करूनही सहा मिनिटं उरत असतील तर भार इतरत्र होता. अशा वेळी माणूस चिकाटीने यादी आणखी खरडायला लागतो: सेवा बंद करा, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ करा, प्रीफेच फोल्डर रिकामं करा, एमएसकॉन्फिग या सुरुवातीच्या सेटिंग्जच्या खिडकीत प्रोसेसरांची संख्या 'वाढवा'. यातल्या शेवटच्या दोन सल्ल्यांचा मला विशेष राग आहे. प्रीफेचमध्ये विंडोजने कुठला प्रोग्राम डिस्कवरच्या कुठल्या भागांतून वाचला याच्या नोंदी असतात आणि त्या वेग वाढवण्यासाठीच ठेवलेल्या असतात. त्या पुसल्या की पुढची सुरुवात उलट मंदावते. आणि एमएसकॉन्फिगमधली ती चौकट रिकामी असते तेव्हा विंडोज सगळे प्रोसेसर वापरतच असतं. तिथे आकडा टाकून फार तर ते कमी करता येतात.

यादीऐवजी मी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडलं. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, त्यात ऑपरेशनल. वाट लांबची आहे, पण तिथे १०० क्रमांकाच्या नोंदीत विंडोज स्वतःच्या सुरुवातीचा वेळ मिलिसेकंदांत लिहून ठेवतं. यात बायोसचा वेळ धरलेला नसतो. मी जुन्यातल्या जुन्या नोंदीपासून आकडे ताईला वाचून दाखवले आणि तिने वहीत उतरवले. अकरा महिन्यांपूर्वी १,३८,०००. मग बरेच महिने दीड लाखाच्या आसपास. आणि मग गेल्या सहा आठवड्यांत २,१०,०००, ३,९०,०००, ५,७०,०००, शेवटची नोंद ६,४०,०००.

ताईने पेन्सिल खाली ठेवली. "हा हळूहळू मंद होत गेलाच नाही," ती म्हणाली. "दिवाळखोरासारखा एकदम बसलाय."

अगदी तसंच होतं. प्रोग्राम साचून येणारा संथपणा वर्षा-दोन वर्षांत चढतो. सहा आठवड्यांत चौपट होतो तेव्हा काहीतरी मोडत असतं.

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर डिस्क शंभर टक्के दिसत होती, वाचनाचा वेग मात्र सेकंदाला एखादा एमबी. हा पुरावा एकट्याने पुरेसा नसतो, आणि इथे फसायला होतं. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कवर हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. त्याआधी डोकं योग्य मार्गावर सरकायला बारा-तेरा मिलिसेकंद. एका तुकड्यामागे अठरा धरले तर सेकंदाला पन्नास-पंचावन्न तुकडे. तुकडा चार केबीचा असेल तर सेकंदाला पाव एमबीसुद्धा निघत नाही. सुरुवातीच्या वेळी विंडोज विखुरलेल्या हजारो लहान फाइली वाचत असतं, त्यामुळे निरोगी डिस्कही शंभर टक्के भरलेली आणि वेगाने कंगाल दिसू शकते. एसएसडीत काही फिरत नाही, सरकत नाही, म्हणून सुरुवातीचा वेळ तिथे इतका कोसळतो.

मी परफॉर्मन्स टॅबवरचाच दुसरा आकडा बघत होते: 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम', म्हणजे एका मागणीला डिस्कचं उत्तर यायला लागणारा सरासरी वेळ. डिस्कवर ताण असताना तो दहा-वीसवरून शंभरावर जाणं समजू शकतं. इथे तो पंधराशे मिलिसेकंदांवर जाऊन तिथेच ठाण मांडत होता. एका मागणीला दीड सेकंद. आणि कान जवळ नेल्यावर ऐकू येत होतं: खर्र, मग एक बारीक टक्, मग शांतता, पुन्हा तेच. डोकं एकाच जागी परत परत जात होतं.

इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क' या नावाखाली १५३ क्रमांकाच्या नोंदींची रांग होती, म्हणजे वाचन फसून पुन्हा करावं लागलं; आणि मधूनमधून ७ क्रमांकाच्या, म्हणजे डिस्कवर खराब भाग. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवला. पिवळा रंग, शेरा 'कॉशन'. सी५ या ओळीत, जिथे वाचता न आलेल्या आणि निर्णयाची वाट बघणाऱ्या सेक्टरांची (डिस्कवरच्या लहान कप्प्यांची) संख्या असते, कच्चा आकडा ३० होता.

"तीस म्हणजे फार आहेत का?"

तीस नव्हतेच. हा प्रोग्राम मुळात कच्चे आकडे सोळाच्या पायावर दाखवतो. तिथले ३० म्हणजे आपले अठ्ठेचाळीस. मुद्रितशोधकाला हे सांगितल्यावर तिने ताबडतोब सेटिंग बदलून घेतली.

आता सगळं जुळलं. साध्या वापराच्या डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही की ती लगेच हार मानत नाही; कित्येक सेकंद पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. तेवढा वेळ बाकी सगळ्या मागण्या दाराबाहेर उभ्या राहतात. सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींपैकी काही त्या अठ्ठेचाळीस सेक्टरांवर असतील, तर रोज सकाळी तीच अडखळ, त्याच जागी.

मी लॅपटॉप बंद केला आणि ताईला म्हणाले, "वेगाचं आता विसर. आधी तुझ्या फाइली बाहेर काढू."

या वळणावर काय करायचं नाही, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइली एकत्र रचणं, नाही. खराब सेक्टर शोधून दुरुस्त करणारं चेकडिस्क नाही. अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन नाही. हे तिन्ही उपाय 'कॉम्प्युटर स्लो आहे' म्हटलं की हमखास सुचवले जातात आणि तिन्ही डिस्कचा कानाकोपरा तासन्‌तास पिळून काढतात. मरणपंथाला लागलेल्या डिस्ककडे किती वाचनं उरली आहेत कुणाला ठाऊक. ती स्वतःच्या फाइलींसाठी खर्च करावीत. फाइली अजिबात पुन्हा न मिळणाऱ्या असतील किंवा सी५ चा आकडा दर तासाला चढत असेल, तर लॅपटॉप चालूच करू नये आणि डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे डिस्क द्यावी. आमचा आकडा दोन दिवस स्थिर होता, म्हणून आम्ही स्वतः काढायचं ठरवलं.

तेव्हा बाहेरच्या त्या यूएसबी डिस्ककडे लक्ष गेलं. ती कायम लावलेली असायची ती बॅकअपसाठी. उघडली तर शेवटची प्रत चौदा महिन्यांपूर्वीची. कुठल्यातरी अपडेटनंतर बॅकअपचं वेळापत्रक बंद पडलं होतं, आणि डिस्कचा दिवा लुकलुकतोय म्हणजे काम चाललंय अशी ताईची समजूत. तिचा चेहरा उतरला. मी काही बोलले नाही. माझ्या स्वतःच्या बॅकअपची तारीख मला त्या क्षणी आठवत नव्हती.

क्रम ताईनेच ठरवला. हातातलं काम पहिलं, मग मागच्या वर्षाची हस्तलिखितं, मग तिचे जुने, युनिकोडच्या (आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीचे फॉन्ट. हे फॉन्ट लोक विसरतात. त्यांच्याशिवाय जुन्या फाइली उघडतात, पण अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांचं जंगल दिसतं. फोटो शेवटी, कारण ते मोबाइलवर होते.

नक्कल विंडोजच्या नेहमीच्या खिडकीतून सुरू केली तर एका खराब फाइलपाशी ती तासभर गोठली. मग रोबोकॉपी हे नकला करण्याचं साधन वापरलं, जे विंडोजमध्ये असतंच. त्यात एक गोष्ट बदलावीच लागते. फाइल वाचता आली नाही तर ते मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं, आणि दोन प्रयत्नांमध्ये तीस सेकंद थांबतं. प्रयत्न एक आणि थांबा एक सेकंद असं सांगितलं की अडलेली फाइल सोडून ते पुढे जातं आणि काय सोडलं ते नोंदवतं. अकरा जीबीला जवळजवळ पाच तास लागले. ताई शेजारी बसून नावं वहीत टिपत होती, जणू तिच्याच माणसांची हजेरी चालली आहे.

दोन फाइली आल्या नाहीत. एक तिने मागे ईमेलने पाठवली होती, ती तिथून मिळाली. दुसरीतल्या चौदा पानांवरच्या दुरुस्त्या गेल्या. त्या तिने पुन्हा केल्या.

नवीन एसएसडी बसवताना जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करायचा मोह होतो. सगळे प्रोग्राम आयते मिळतात. निरोगी डिस्क असती तर मीही तेच केलं असतं. पण जिच्या सिस्टिम फाइली कुठे कुठे वाचताच येत नाहीत, तिची नक्कल म्हणजे तिचे आजारही नव्या घरात. विंडोज कोरं टाकलं. सक्रिय करायला काही करावं लागलं नाही, कारण विंडोज १० चा डिजिटल परवाना त्या यंत्राशी जोडलेला असतो आणि नुसती डिस्क बदलून तो जात नाही. विकत घेतानाच आत असलेला, मुदत संपलेला चाचणीचा अँटिव्हायरस ओघानेच गेला.

त्याआधी एका प्रश्नावर आमची बरीच चर्चा झाली. हा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीतला. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे तेव्हाच जाहीर होतं. मग यावर खर्च करावा का? माझं मत 'करावा' असं होतं. दीडेक वर्ष सुखाचं मिळणार होतं आणि एसएसडी काढून दुसरीकडे लावता येते. नव्या रॅमच्या बाबतीत मी तेवढी ठाम नव्हते.

एसएसडीनंतर, त्याच पद्धतीने, शिफ्ट दाबून बंद करून: पासवर्डपर्यंत १९ सेकंद, त्यात बायोसचे ७. डेस्कटॉपपर्यंत ६. फाइलपर्यंत १६. एकूण ४१ सेकंद. पण तेव्हा आत फारसं काही नव्हतं. तीन आठवड्यांनी तिचे सगळे प्रोग्राम परत आल्यावर मोजलं तर ५२, आणि मी हाच आकडा खरा धरते. कोऱ्या विंडोजवर घेतलेला वेळ कुणालाही सुखावतो.

रॅम मुद्दाम त्याच वेळी वाढवली नव्हती. दोन बदल एकदम केले की कशाने काय झालं हे कधीच कळत नाही. महिन्याभराने चारची आठ जीबी केली. ५२ चे ४७ झाले. सुरुवातीपुरता पाच सेकंदांचा फरक. फायदा दिसला तो दुपारी, जेव्हा दोन मोठ्या फाइली, शब्दकोश आणि ब्राउझरचे पंधरा टॅब एकत्र उघडे असतात. कुणी फक्त सुरुवात लवकर व्हावी म्हणून रॅम घ्यायला निघालं, तर मी थांबवेन.

फास्ट स्टार्टअप आम्ही बंद केलं. निरोगी फिरत्या डिस्कवर त्याने खरंच वेळ वाचतो, तिथे मी ते कधी बंद केलं नसतं. एसएसडीवर फरक चार सेकंदांचा निघाला, आणि चार सेकंदांसाठी गाभ्यातला आणि ड्रायव्हरमधला जुना गोंधळ दिवसेंदिवस पुढे ओढण्यात मला अर्थ दिसला नाही. बायोसचे सात सेकंद काही केल्या कमी झाले नाहीत. ते त्या यंत्राचेच आहेत.

बाहेरची यूएसबी डिस्क आता कायम लावलेली नसते. शनिवारी संध्याकाळी ताई ती जोडते, नक्कल चालवते, शेवटी डिस्कवरची कुठलीही एक फाइल उघडून बघते, तारीख वहीत लिहिते आणि डिस्क काढून कपाटात ठेवते. एसएसडी टक्-टक् करून इशारा देत नाही, एवढं मी तिला सांगितलं होतं. वहीतल्या तीन रकान्यांच्या जागी आता एकच आहे, आणि त्यात दर आठवड्याला दोन गोष्टी असतात: नकलेची तारीख आणि उघडून पाहिलेल्या फाइलीचं नाव.